आपल्या शहरातल्या नाट्यगृहाचा इतिहास कसा लिहावा

जळगावचं बालगंधर्व खुलं नाट्यगृह आणि छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारचं छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर. खानदेशात शास्त्रीय गाण्याची मैफल, राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग, शाळेचं स्नेहसंमेलन आणि पुढाऱ्यांचा मेळावा बहुधा याच चार-दोन वास्तूंमध्ये होतो. अशा वास्तूचा इतिहास लिहायचा म्हटलं की बहुतेकजण आधी जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायला निघतात. आमचा आग्रह उलट आहे. आधी जमीन, मग इमारत, मग तिथले कार्यक्रम, आणि माणसं शेवटी. हातात ठरावाची प्रत, जुनं हँडबिल, एखादा फोटो असला की बोलणाऱ्याची आठवण जागी होते आणि आपल्यालाही नेमका प्रश्न विचारता येतो. अपवाद एकच: ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी कागदांची वाट पाहू नका. त्यांच्याकडे दोनदा जायचं, एकदा आत्ता आणि एकदा कागद मिळाल्यावर.

आधी हेही ठरवा की इतिहास कोणाचा लिहिताय: इमारतीचा, जागेचा की परंपरेचा? खानदेशातली गाणी-नाटकं बंदिस्त सभागृहात फार उशिरा आली. त्याआधी ती कापसाच्या जिनिंगच्या आवारात, देवळाच्या सभामंडपात, बाजारपेठेतल्या कापडी मांडवात आणि गणेशोत्सवाच्या मंडपात झाली. १९३१ नंतर बोलपट आले, तशी अनेक गावांतली नाटकाची थिएटरं टॉकीज झाली. 'आमच्या गावात पहिलं नाट्यगृह अमुक साली झालं' असं लिहिण्याआधी आजची टॉकीज किंवा मंगल कार्यालय आधी काय होतं ते पाहावं लागतं. पडद्यामागे खोल रंगमंच, बाजूला रंगपटाच्या खोल्या, मागच्या भिंतीत सामान आत घेण्यासाठी उंच दरवाजा, अशा खुणा दिसल्या तर वास्तू आधी नाटकासाठी बांधली असण्याची शक्यता मोठी.

जमिनीपासून सुरुवात

नगर भूमापन कार्यालयातून जागेचं मालमत्ता पत्रक काढा. त्यासाठी सि.स.नं., म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, लागतो. माहीत नसेल तर शेजारच्या कोणाचंही खरेदीखत बघा, चतुःसीमेत (चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात) नाट्यगृहाचा नंबर बहुधा सापडतोच. मालमत्ता पत्रकावर आजच्या मालकाबरोबर जुने फेरफारही असतात. खरी माहिती त्यांच्या तारखांमध्ये असते. पत्रकाबरोबर चौकशी नोंदवहीचा उताराही मागा. भूमापन झालं त्या वेळी जागेवर काय उभं होतं (पडीक, गोदाम, थेटर) हे त्यात कळू शकतं. पत्रकातली पहिली नोंद म्हणजे जागेचा आरंभ नव्हे, ती फक्त भूमापनाच्या वेळची नोंद असते. त्याआधीचं शोधायचं तर सातबारा आणि जुनी खरेदीखतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे दस्त बरेचदा मोडी लिपीत असतात. ते वाचून घ्यायला धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ हे खानदेशातलं पहिलं ठिकाण. राजवाडे गेले त्यानंतर लगेच, १९२७ मध्ये ते सुरू झालं.

चार तारखा

नाट्यगृहाच्या इतिहासात सगळ्यात जास्त घोळ 'सुरू कधी झालं' या एका प्रश्नावर होतो. कारण तारखा चार असतात आणि प्रत्येकजण आपल्याला माहीत असलेली खरी मानतो. पहिली, जागा देण्याच्या किंवा बांधण्याच्या ठरावाची. दुसरी, भूमिपूजनाची किंवा कोनशिलेची. तिसरी, उद्घाटनाची. चौथी, पहिल्या तिकीटविक्रीच्या प्रयोगाची. निधी संपला, ठेकेदार बदलला, निवडणूक लागली की पहिल्या आणि चौथ्या तारखेत कित्येक वर्षं जातात. शिवाय घाईघाईत उद्घाटन झालेल्या वास्तूत खुर्च्या, ध्वनियंत्रणा आणि वातानुकूलन पुढे टप्प्याटप्प्यानं येत राहतात. चारही तारखा वेगवेगळ्या लिहा. नामकरण ही पाचवी. नाव बहुधा वेगळ्या ठरावानं दिलं जातं आणि एकाच वास्तूची दोन-तीन नावं होऊन गेलेली असतात. जुन्या बातम्या शोधताना ती सगळी नावं लागतील.

कोनशिलेवर चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर असतात. खरवडायला जाऊ नका, अक्षरांच्या कडा निघून जातात. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा. तिरक्या उजेडात अक्षरांच्या खाचांची सावली पडते आणि रंगाखालचा मजकूर वाचता येतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवत प्रत्येक बाजूचा एक फोटो घ्या. आडव्या रेघा एका फोटोत दिसतात, उभ्या दुसऱ्यात.

पालिकेतले कागद

ठराव पुस्तिका, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, वार्षिक अर्थसंकल्प, निविदेची फाइल, कार्यारंभ आदेश आणि बांधकाम विभागाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एम.बी. म्हणतात ती. यातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलकी एम.बी. आहे. किती ब्रास खडी, किती फूट लाकडी फळी, कोणत्या तारखेला किती काम झालं, हे तिच्यात ओळीनं असतं. रंगमंचाची फळी कोणत्या लाकडाची होती हे सांगणारा दुसरा कागद तुम्हाला बहुधा मिळणार नाही.

जळगाव आणि धुळे इथल्या नगरपालिका २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. त्याआधीचे दप्तर नव्या इमारतीत आले की जुन्याच रेकॉर्ड रूममध्ये राहिले, ते आधी विचारून घ्या. 'रेकॉर्ड नाही' हे उत्तर बरेचदा 'या इमारतीत नाही' एवढंच असतं.

तोंडी विचारून मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस, छायांकित प्रतीला पानामागे २ रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. इथेच बहुतेक अर्ज फसतात. 'नाट्यगृहाची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलं की मोघम म्हणून परत येतो. 'बांधकामाला उशीर का झाला' असं विचारलं तरी परत येतो, कारण नोंदीत असलेलंच देणं बंधनकारक आहे, कारणमीमांसा नाही. असं लिहा: 'नाट्यगृह बांधकामाच्या मंजुरीचा सर्वसाधारण सभेचा ठराव, कार्यारंभ आदेश आणि अंतिम देयकाची मोजमाप पुस्तिका यांचे अभिलेख पाहणीसाठी उपलब्ध करून द्यावेत व पाहणीनंतर निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात.' पाहणीचा पहिला तास फुकट असतो. आधी बघून मग नेमकी पानं मागितली तर पैसे वाचतात आणि तिथल्या लिपिकाचा वेळही. उत्तरात 'अभिलेख नष्ट केला' असं आलं तर त्याच कार्यालयाला दुसरा अर्ज: नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि आदेश. 'अ' वर्गातले कागद कायम जपायचे असतात. सभेचे ठराव त्यात मोडतात, त्यामुळे ते नष्ट झाल्याचं उत्तर सहज मान्य करू नका. पहिलं अपील ३० दिवसांत करता येतं.

रद्दीत जाण्याआधी

कार्यक्रमांचा इतिहास पालिकेत मिळत नाही. तो असतो नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाच्या खोलीत, आरक्षणाच्या रजिस्टरमध्ये. तारीख, सत्र, संस्थेचं नाव, भाडं, अनामत. हे रजिस्टर वर्ष संपलं की कपाटाच्या वर आणि कपाट भरलं की रद्दीत जातं. पहिल्याच भेटीत त्याचे फोटो काढायची परवानगी घ्या, बाकी सगळं नंतर. आरक्षण झालं म्हणजे कार्यक्रम झालाच असं मात्र नाही. अनामत परत केल्याची किंवा जप्त झाल्याची नोंद पाहा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राशी ताडून बघा.

दुसरा साठा संस्थांकडे: संगीत मंडळं, नाट्यसंस्था, गणेशोत्सव मंडळं, महाविद्यालयं. तिथं स्मरणिका मागा. पुढच्या पानांवर अध्यक्षांचं मनोगत असतं. ते वाचा, पण खरा माल मागच्या जाहिरातींत असतो. माईकवाला, मांडववाला, बाजूची लॉज, छापखाना यांची नावं तिथंच मिळतात, आणि त्या घरांत फोटोंचे अल्बम असतात. ध्वनिक्षेपक भाड्यानं देणाऱ्यांकडे तर जुन्या मैफलींच्या कॅसेटही निघू शकतात. कॅसेट मिळाली तर ती लगेच वाजवू नका. आधी उजेडात बघा. फितीवर पांढुरकी बुरशी दिसली किंवा दाबाची चकती (फितीमागचा मऊ फेल्टचा तुकडा) सुटलेली असली तर एकदा वाजवण्यातही फीत खराब होऊ शकते. जाणकाराकडून साफ करून घ्या आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्या.

तिसरा साठा वाचनालयं. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, अमळनेरचं पूज्य साने गुरुजी ग्रंथालय. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळताना बातमीआधी जाहिरातीचं पान बघा. बातमी एक दिवस येते, जाहिरात आठवडाभर. नाटक कंपन्या आगगाडीनं फिरत, म्हणून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ आणि तापी खोऱ्याच्या मार्गावर अमळनेर, नंदुरबार असा मुक्कामांचा माग काढता येतो. एका गावची तारीख पक्की मिळाली की शेजारच्या गावचा प्रयोग पुढच्या-मागच्या चार-आठ दिवसांत शोधायचा.

फायली चाळण्याचा हंगाम दिवाळी ते होळी. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात जुना कागद इतका सुकतो की घडीवर तुकडे पडतात, आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. फाटलेल्या हँडबिलाला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. टेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांसकट निघतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. प्रत्येक कागद सुट्या, साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. स्कॅन ३०० डीपीआयला पुरतं, फोटोंना ६००. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा: '१९६४-११-०८ हँडबिल संगीत सौभद्र'. मग संगणक आपोआप कालक्रम लावतो.

बिनतारखेचा कागद

हँडबिलावर वार आणि तारीख असते, वर्ष नसतं. नाटकवाल्यांना त्याची गरजच नव्हती. अशा वेळी या खुणा कामाला येतात.

तिकिटाचे दर आण्यांत असले तर कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, किंवा फार तर त्यानंतरच्या लगेचच्या काही वर्षांतला. 'न.पै.' (नवे पैसे) असं छापलेलं असेल तर त्या तारखेनंतरचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश' हे १९०६ च्या विभागणीनंतरचे, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे जिल्हा झाली. नंदुरबारच्या पत्त्यात 'जि. धुळे' असेल तर तो बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीचा. यात एक मेख आहे. छापखान्यात जुने ठोकळे वर्षानुवर्षं वापरले जात. म्हणून नवं नाव दिसलं तर 'त्याआधीचा नाही' हे ठामपणे म्हणता येतं, पण जुनं नाव दिसलं म्हणून 'त्यानंतरचा नाही' असं म्हणता येत नाही.

तळाशी बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव आणि गाव असतं, कारण ते छापणं १८६७ च्या कायद्यानं बंधनकारक होतं. तो छापखाना कधी ते कधी चालला हे कळलं की वर्षांचा पल्ला आणखी आखडतो. मग हँडबिलावर महिनाही असेल तर उरलेल्यांपैकी कोणत्या वर्षी त्या महिन्याची १२ तारीख शनिवारी येते ते जुन्या पंचांगात पाहायचं. बरेचदा एक-दोनच वर्षं शिल्लक राहतात.

देणगीच्या पावत्या आणि व्यापाऱ्यांच्या वह्या शक किंवा संवतात असतात. शकात ७८ मिळवा, पण पौषापासून फाल्गुनापर्यंत इंग्रजी वर्ष पुढं गेलेलं असल्यानं साधारणपणे ७९. विक्रम संवतातून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा, जानेवारी ते आश्विन ५६. ही झाली गुजराती पद्धत, जिचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं. मारवाडी पद्धतीत संवत चैत्रात बदलतो, त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोन्ही आकड्यांत एक वर्षाचा फरक पडतो. आपल्या बाजारपेठांत दोन्ही वह्या असतात. वही कोणाच्या पेढीची हे विचारल्याशिवाय वर्ष लिहू नका.

मोजमाप आणि आवाज

बहुतेक स्थानिक इतिहासांत हा भाग नसतोच. पण गाण्याच्या जागेचा इतिहास लिहायचा आणि तिथं आवाज कसा होता हे सांगायचं नाही, हे आम्हाला पटत नाही.

रंगमंचाची दर्शनी रुंदी, उंची, खोली, विंगांची जागा, पहिल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर, छताची उंची. लेझरचं मीटर वापरत असाल तर काळ्या पडद्यावर ते चुकतं किंवा आकडा दाखवतच नाही, कारण किरण परत येत नाही. पडद्यापुढं पांढरा पुठ्ठा धरा. आसनसंख्या स्वतः मोजा. नकाशातली, परवान्यातली आणि प्रत्यक्षातली संख्या बहुधा जुळत नाही. रांगा गुणिले खुर्च्या असा हिशेब करू नका, वळणदार मांडणीत पुढच्या रांगा लहान असतात. तीनही आकडे आपापल्या नावानं लिहा.

आवाजासाठी रिकाम्या सभागृहात पंखे, एसी बंद करून रंगमंचाच्या मधोमध मोठा फुगा फोडा आणि तीन जागी रेकॉर्डिंग घ्या: पाचवी रांग, मधली रांग, बाल्कनीखालची शेवटची. फोनमधली आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर घुमण्याचा शेवटचा भाग फोनच फुगवून दाखवतो. ध्वनी ६० डेसिबलनं खाली यायला लागणारा वेळ म्हणजे अनुरणनकाल. त्याचं साधं सूत्र असं: ०.१६१ गुणिले सभागृहाचं घनफळ (घनमीटर) भागिले एकूण शोषण (भिंती, खुर्च्या, पडदे, माणसं मिळून जेवढा आवाज गिळतात ते, चौरस मीटरमध्ये). घनफळ ४,००० आणि रिकाम्या सभागृहात वेळ १.६ सेकंद आला तर शोषण सुमारे ४०० निघतं. लाकडी किंवा पत्र्याच्या खुर्च्यांवर ६०० माणसं बसली आणि माणशी ०.४५ शोषण धरलं तर २७० वाढतात, आणि वेळ एका सेकंदाच्या थोडा आत येतो. बोललेला शब्द स्पष्ट ऐकू यायला तो चांगला. 'तालमीला घुमत होतं, प्रयोगाला झकास लागलं' असं जुने लोक सांगतात त्यामागं हेच गणित आहे. पुढे गादीच्या खुर्च्या आल्या की रिकाम्या सभागृहाचंही शोषण वाढतं. म्हणून खुर्च्या कधी बदलल्या ही नोंद आवाजाच्या इतिहासातली मोठी तारीख आहे. ती देयकांच्या फाइलमध्ये शोधा.

खुल्या नाट्यगृहात हे मोजमाप लागू नाही. तिथं मागच्या भिंतीचा परतावा, वाऱ्याची दिशा आणि रस्त्याचा आवाज बघायचा. रात्री नऊला आणि अकराला दोनदा नोंद घ्या.

मुलाखत

आता माणसांकडे जायचं. कलावंत आणि पुढारी यांची यादी आपोआप होते. पडदा ओढणारे, दिवे सांभाळणारे, तिकीट खिडकीवर आसनांच्या प्लॅनवर फुल्या मारणारे, चहाची गाडी लावणारे, राखणदार, रंगपटातले मेकअपवाले यांची यादी मुद्दाम करावी लागते. वर्ष विचारू नका. 'दुष्काळाच्या आधी की नंतर?', 'तुमच्या मोठीचं लग्न झालं होतं का?' असं विचारा. ७२ चा दुष्काळ, आणीबाणी, ६५ च्या युद्धातला ब्लॅकआउट, या खुंट्यांना बाकीचं बांधता येतं. समोरचा घरात अहिराणी बोलत असेल तर प्रश्नही तसाच जाऊ द्या: 'आप्पा, तव्हय थेटरमा लाईट व्हता का?' प्रमाण मराठीत विचारलं की उत्तर भाषणासारखं येतं. लिहून काढताना त्यांचे शब्द बदलू नका, हवं तर खाली अर्थ द्या. पाऊण तासाच्या वर एका बैठकीत घेऊ नका. फोटो दाखवताना एकेकच दाखवा. गठ्ठा दिला की बोलणं थांबतं आणि नुसती पानं उलटली जातात.

'अमुक गवई इथं गाऊन गेले' ही प्रत्येक गावातली लाडकी आठवण. बालगंधर्वांचं तर खानदेशात विशेषच, कारण त्यांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला. तरीही नुसत्या आठवणीवर तारीख टाकू नका. हँडबिल, जाहिरात किंवा रजिस्टर यांपैकी एक तरी आधार मिळेपर्यंत 'सांगितलं जातं' असंच लिहा. आजची वास्तू त्या वेळी उभी होती का, हेही तपासा. गवई खरंच येऊन गेलेले असतात, पण जुन्या मांडवात.

लिहिताना

सगळ्यात आधी चार रकान्यांचा तक्ता करा: तारीख, घटना, आधार, खात्री. खात्रीला तीनच पायऱ्या ठेवा: मूळ कागद पाहिला, छापील उल्लेख आहे, फक्त तोंडी. दोन आधार भांडत असतील तर एक निवडून दुसरा लपवू नका, दोन्ही द्या आणि तुम्हाला कोणता पटतो व का ते एका वाक्यात सांगा. बंद असलेली वर्षंही लिहा. गळतं छत, थकलेलं वीजबिल, दुरुस्तीचा रखडलेला ठेका यांत गेलेली वर्षं स्मरणिकेत कधीच नसतात, पण त्या वर्षांत गावातल्या संस्था कुठं गेल्या, कोणत्या बंद पडल्या, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही उमगत नाही. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव द्या आणि परवानगी घ्या, प्रकाशित छायाचित्रावर ६० वर्षं हक्क असतो.

काम झालं की एक छापील प्रत नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे, एक गावच्या वाचनालयात, एक धुळ्याच्या राजवाडे मंडळात, आणि सगळ्या स्कॅनची एकेक हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रतीच्या शेवटी पाच-सहा कोरी पानं बांधून घ्या, वर 'दुरुस्त्या आणि भर' एवढंच छापा. वाचनालयात वाचणारे त्यावर पेन्सिलीनं लिहितात. वर्षातून एकदा जाऊन ती पानं उतरवून घ्यायची.